काचेच्या बाटलीचा ऑइल बर्नर बनवताय? मग या चुका टाळा

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा चांगलाच गारठा होता, आणि मी ऑइल बर्नर, म्हणजे घरात सुवास यावा म्हणून पाण्यावर वासाचं तेल टाकून खालून ज्योतीनं तापवायचं भांडं, करायला घेतला. बियरच्या तपकिरी बाटलीचा बूड कापून त्याचीच वाटी केली, त्यात पाणी आणि गवती चहाचं तेल टाकलं, खाली ती ॲल्युमिनियमच्या वाटीतली चपटी मेणबत्ती असते ना टी-लाइट, ती लावली आणि मी भाकरी टाकायला बसली. थोड्या वेळानं कट्ट असा आवाज आला, बूड दोन तुकडे होऊन खाली, आणि तेलपाणी सगळं पेटत्या मेणात. भपकन वीतभर जाळ उठला. शेजारच्या खोलीत कापूस भरलेला होता, भाव वाढेल म्हणून विकायचा थांबवलेला, पार आढ्यापर्यंत, आणि मधे एक दार तेवढं. सासूबाई ओट्यावरून धावत आल्या, "काय फुटलं व?" मी हातातली परातच पालथी घातली त्याच्यावर म्हणून विझलं.

असे बर्नर बनवून विकणाऱ्या आमच्या बचत गटात त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली, तेलाची वाटी काचेची नाही आणि ती काचेवर टेकलेलीही नाही. काच फुटली तरी वाटी पडायला नको, सगळा बर्नर त्याच हिशोबानं बनवायचा.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की बाटली म्हणजे काच आणि काच आगीला टिकते असं आपण धरून चालतो. शाळेच्या प्रयोगशाळेत जे बीकर स्पिरिटच्या दिव्यावर ठेवतात ते बोरोसिलिकेट काचेचं असतं. आपली बाटली साध्या सोडा-लाइम काचेची, ती तेवढ्याच उष्णतेनं त्याच्या जवळपास तिप्पट फुगते. आता सगळी काच एकसारखी फुगली असती तर काही झालं नसतं, पण ज्योतीसमोरची जागा तापते, बाहेरची बाजू गारच राहते, एक भाग ताणतो आणि दुसरा त्याला धरून ठेवतो, आणि मग तडा. बूड तर सगळ्यात जाड आणि जाडीही सगळीकडे सारखी नाही, म्हणून तिथं हा ताण जास्त. थंडीत बाहेर छपरीत ठेवलेली बाटली आणून लगेच ज्योत लावली, किंवा पेटता असताना ओल्या फडक्यानं पुसला, किंवा उन्हाळ्यात कूलरच्या समोर ठेवला, तरी हेच होणार.

मग आम्ही काय करतो ते सांगते. बाटलीची मान पण कापायची आणि बूड पण, राहतं ते ४ इंचाचं नळकांडं. वेल्डिंगवाल्याकडून बारीक सळईची ५ इंच उंच तिवई करून घ्यायची, नळकांड्याच्या आत मोकळी बसेल अशी, काचेला कुठंच चिकटायला नको. तिवई फरशीच्या तुकड्यावर, तिच्यावर स्टीलची छोटी वाटी, खाली मधोमध टी-लाइट, आणि काच म्हणजे भोवती नुसता वाऱ्याचा आडोसा. वात आणि वाटीचा बूड यात ४ इंच तरी अंतर राहिलं पाहिजे, जवळ केली की पाणी उकळायला लागतं आणि तेलाचा जळका वास येतो. वास जळका येत असेल तर तेल खराब नाही, अंतर कमी आहे.

आता हवा. हे खूप जणी विसरतात. नळकांडं सरळ फरशीवर टेकवलं आणि वरून वाटीनं तोंड बंद केलं तर ज्योत आधी बारीक होते, मग काळा धूर सोडते, काच काळी पडते आणि शेवटी विझते. आपण म्हणतो मेणबत्तीच खराब आली. मेणबत्ती चांगलीच असते हो, तिला हवा मिळत नाही. नळकांड्याखाली तीन सारखे नट ठेवा म्हणजे सेंटीमीटरभर फट पडते, आणि वर काच आणि वाटीच्या मधे बोटभर. खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर. याचा दुसरा फायदा म्हणजे आत उष्णता कोंडत नाही, नाहीतर टी-लाइटमधलं मेण इतकं तापतं की ज्योत अचानक मोठी होते. म्हणूनच एकात दोन टी-लाइट कधीच लावू नका, उजेड जास्त पडतो म्हणून लोक लावतात.

कापण्याच्या बाबतीत. रॉकेलमध्ये दोरा भिजवून पेटवायचा आणि बाटली पाण्यात बुडवायची हा प्रकार व्हिडिओत लय सोपा दिसतो, पण तडा हवा तिकडे जातो आणि हातात पेटता दोरा. काच कटर घ्या, बाटली टेकवून गोल फिरवा, रेघ एकदाच मारायची. दुसऱ्यांदा त्याच रेघेवर कटर नेला की तडा भरकटतो आणि कटरचं चाकही बोथट होतं. मग रेघेवर कडकडीत पाणी, लगेच नळाचं पाणी, असं दोन-तीनदा केलं की अलगद सुटते. बर्फाचं पाणी नको. डोळ्याला चष्मा आणि पायात चप्पल नाही, बूट.

धार घासायची ती ओली ठेवूनच. हार्डवेअरच्या दुकानात पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर मिळतो, १२० नंबर, मग २२०, मग ४००. कोरडं घासलं तर काचेची भुकटी श्वासात जाते, आणि अंगणात पोरं आणि कोंबड्या फिरतात हे पण बघा. घासणं फक्त बोट कापू नये म्हणून असतं असं मला आधी वाटायचं. तसं नाही. कडेला जी बारीक टवके असतात ना, नखाला लागतील न लागतील अशी, काच तापली की तडा तिथूनच सुरू होतो. बोट फिरवून बघा, कुठं अडकलं की परत २२० वर.

आता तेल. आधी पाणी, मग त्यावर ५-७ थेंब, बस. कोरड्या वाटीत नुसतं तेल टाकून खाली ज्योत म्हणजे कढईत तेल ठेवून शेतात निघून जाण्यासारखं आहे. निलगिरी तेलाची वाफ तर ५० अंशाच्या आसपासच पेट घेऊ शकते. मच्छरच्या मशीनमधलं रिफिल ओतायचं नाही, त्यात रॉकेलसारखं द्रावण असतं, स्प्रेचं अत्तर नाही, तेलात कापूर विरघळवून पण नाही. एक ताई मला म्हणाली की मच्छर लय आहेत म्हणून बाळाच्या पाळण्याखालीच निलगिरीचा बर्नर ठेवते. ताई, नका ठेवू. तान्ह्या बाळाला निलगिरी आणि कापूर दोन्ही त्रासाचे, आणि ती तेलाची शिशी पोराच्या तोंडात गेली तर सरळ दवाखाना. बाळाला मच्छरदाणीच बरी.

टी-लाइट साधारण ४ तास जळतो, वाटीतलं पाणी तेवढा वेळ पुरत नाही. आमच्या वाटीत दीड-दोन तासात तळ दिसतो, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. पहिल्यांदा लावाल तेव्हा समोर बसून घड्याळ लावून बघा तुमच्या वाटीत किती वेळ पुरतं, आणि त्याच्या अर्धा तास आधी विझवायचा. लाइट गेली म्हणून उजेडाला लावला आणि झोप लागली, असं तर अजिबातच नको.

मे महिन्यात टिनाच्या खाली ठेवलेले टी-लाइट मऊ पडतात आणि वात कलते. कललेली वात म्हणजे ज्योत काचेकडे. सरळ करून, ५-६ मिलिमीटर ठेवून कापूनच लावा.

सजावटीचं थोडक्यात. काचेला सुतळी गुंडाळून ग्लू गननं चिकटवतात, तो गोंद गरम झाला की सुटतो आणि सुतळी ज्योतीजवळ लोंबते. लेबल आणि त्याचा चिकटा पूर्ण काढा, आतून रंग देऊ नका. वर्ध्याला माझी बहीण राहते, तिकडे दारूबंदी, ती सरबताच्या बाटल्या वापरते, त्या जरा रुंद मिळाल्या तर उलट चांगल्याच, काच ज्योतीपासून लांब राहते.

गोठ्यात, कुटाराजवळ, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ आणि कापूस असलेल्या खोलीच्या आजूबाजूला नाहीच लावायचा. वेचणीच्या दिवसांत घरभर तंतू उडत असतात, ते फरशीवर, वाटीखाली, कुठंही बसतात, आमच्याकडे कापूस विकेपर्यंत बर्नर ट्रंकेतच असतो.

आणि पेटलंच तर पाणी मारू नका. पेटत्या मेणावर पाणी पडलं की ते फटकन उडतं आणि जाळ वर येतो. परात, ताट, गंज, जे मोठं आणि धातूचं असेल ते पालथं घाला, बाजूनं जाळ दिसला नाही तरी लगेच उचलून बघायचं नाही. आम्ही विकायच्या प्रत्येक नगासोबत एक जुनं स्टीलचं झाकण देतो, बर्नर लावताना ते हाताशी ठेवायचं. नग द्यायच्या आधी तो अंगणात, रिकाम्या जागी, पाणी भरून दोनदा पूर्ण वेळ जाळून बघतो, दुसऱ्यांदा सकाळच्या गारठ्यात. त्यात केसाएवढी जरी रेघ दिसली तरी ती काच भंगारात जाते.