युरिया फोकणं थांबवलं आणि मक्यातलं तण आवरलं

निफाडजवळ आमचा दीड एकर मका. पहिल्या पावसानंतर युरिया फोकायचा, म्हणजे हातानं रानभर उधळायचा, आणि १५ दिवसांत माठाचं तण मक्याच्या वर, हे दरवर्षीचंच. एकदा माठाचं रोप उपटून शेजारच्या मक्याशी ताडून पाहिलं. माठ गर्द हिरवा, मका पिवळट. खत मी घालत होतो, खात होतं तण!

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या वर. ओळींमधल्या मोकळ्या जागेत पडेल ते तणाचं. शिवाय नत्रामुळे बऱ्याच तणांचं बी उगवायलाही चालना मिळते.

आता पेरताना नत्र थोडंच, तेही ओळीत, बियापासून दोन-तीन बोटं लांब, नाहीतर कोंब जळतो. बाकीचं कोळप्यानं ओळींमधलं तण काढल्यावर, मका गुडघ्याला लागला की वापशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, ओळीच्या कडेनं घालून लगेच मातीआड करतो. मधल्या पट्ट्यात चवळी. ती हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत बांधते, जमीनही झाकते. तिच्या पट्ट्यात युरिया टाकू नका, गाठी कमी धरतात.

यंदा दोनऐवजी एका खुरपणीवर भागलं. लव्हाळा या तणाला मात्र काही फरक पडला नाही. त्याची शिदोरी जमिनीखालच्या गाठीत. तो अजून खणूनच काढतोय.