आधीचा बाप्तिस्मा आणि कॅथलिक प्रवेश: फादरांना भेटण्यापूर्वीची तयारी

दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत तुमचा बाप्तिस्मा झालाय आणि आता कॅथलिक व्हायचंय, तर कागद गोळा करायला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. बाप्तिस्मा माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. १९८३ च्या कॅनन लॉचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, ८४५ वा नियम तसं स्पष्ट सांगतो. त्यामुळे ‘पुन्हा एकदा घेतला तर बिघडलं कुठं’ असं म्हणत फादरांकडे गेलात, तर ते हसतील किंवा रागावतील, आणि दोन्हींत त्यांची चूक नसेल. ८६९ वा नियम सांगतो की दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा झालेल्याला सरसकट परत पाणी घालायचं नाही. पाणी कसं वापरलं, शब्द कोणते उच्चारले, देणाऱ्याचा हेतू काय होता आणि घेणारा प्रौढ असेल तर त्याचा हेतू काय होता, हे तपासूनही गंभीर शंका उरली, तरच सशर्त बाप्तिस्मा, म्हणजे ‘आधी झाला नसेल तर’ अशी अट घालून दिलेला. म्हणून तुम्ही तयारी करायची ती पुराव्याची. निकाल घरून लिहून न्यायचा नाही.

धर्मग्रामातलं, म्हणजे पॅरिशमधलं, एखादं वयस्कर माणूस सांगेल, ‘आमच्या वेळी आलेल्या सगळ्यांनाच परत पाणी घालायचे.’ ते खोटं नाही. बंगाली विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांना १८९१ च्या फेब्रुवारीत सिंधमध्ये एका अँग्लिकन धर्मगुरूने बाप्तिस्मा दिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कराचीत कॅथलिक होताना तो सशर्त पुन्हा दिला गेला. त्या काळी ही रीतच होती. १९६७ मध्ये रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्यकार्याविषयी निर्देश काढले आणि सरसकट सशर्त बाप्तिस्मा देणं बंद करायला सांगितलं. तेव्हा जुन्या आठवणींवरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

आता वही घ्या आणि वर आधीच्या मंडळीचं नाव लिहा, पूर्ण. ‘प्रोटेस्टंट’ एवढ्याने काहीच कळत नाही. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालं, आणि नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या त्यातच आल्या. तिथे, किंवा मेथडिस्ट चर्चमध्ये, पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर सहसा दाखल्यापलीकडे काही विचारलं जात नाही. मुक्तिफौजेतून (साल्वेशन आर्मीतून) येत असाल तर प्रश्नच वेगळा: तिथे पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत. बाळाचा अर्पणविधी होतो आणि मोठेपणी सैनिक म्हणून प्रतिज्ञा घेतात. म्हणजे तुमचा बाप्तिस्मा अजून व्हायचाच आहे, आणि तो बिनशर्त होईल. यहोवाच्या साक्षीदारांचा बाप्तिस्मा वैध धरत नाहीत, आणि मॉर्मन बाप्तिस्म्याबद्दल २००१ मध्ये रोमने स्पष्ट नकार दिला आहे.

खरा घोळ असतो तो स्वतंत्र फेलोशिपमधून आलेल्यांचा. भाड्याचा हॉल, पास्टर दोन वर्षांनी दुसऱ्या गावी, रजिस्टर कुणाच्या घरी ते कुणालाच माहीत नाही. शिवाय अशा मंडळ्यांत लहान मुलांचं समर्पण होतं आणि बाप्तिस्मा मोठेपणी. घरचे मात्र दोन्हीला एकच नाव देतात. आईने जपून ठेवलेल्या दाखल्यावर नेमकं काय छापलंय ते आधी वाचा. ‘समर्पण’ असेल तर तो बाप्तिस्म्याचा कागद नव्हे.

मग पाण्याचं लिहा. नदी, विहीर, समुद्र, प्लास्टिकची टाकी, नळाचं पाणी, सगळं चालतं. बुडवलं की डोक्यावर ओतलं की नुसतं शिंपडलं? शिंपडलं असेल तर पाणी अंगाला लागून ओघळलं का, की केसांवर चार थेंब पडले, हे आठवेल तेवढं लिहा. नदीत बहुधा दोघेजण धरून बुडवतात. शब्द कोण म्हणत होता आणि त्याचाच हात तुम्हाला बुडवत होता का, तेही नोंदवा. एकाने काठावरून शब्द म्हणायचे आणि दुसऱ्याने मुकाट्याने पाणी घालायचं, असं झालं असेल तर ती गंभीर बाब आहे.

सगळ्यात जास्त वेळ शब्दांवर घालवा. ‘मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ हा गाभा. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत ‘देवाचा सेवक अमुक याचा बाप्तिस्मा होत आहे’ असं म्हणून तीच तीन नावं घेतात, आणि तोही पूर्ण वैध. पण काही पेंटेकॉस्टल मंडळ्या प्रेषितांची कृत्ये २:३८ चा आधार घेऊन फक्त ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देतात. त्यांतले काही त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानतच नाहीत. तुमचा असा असेल तर हेच वाक्य फादरांना सगळ्यात आधी सांगा. नावं बदलूनही चालत नाही: ‘निर्माता, तारणारा, पवित्र करणारा’ अशा शब्दांनी दिलेला बाप्तिस्मा वैध नाही, असं २००८ मध्ये रोमने जाहीर केलं. २०२० मध्ये ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणून दिलेल्या बाप्तिस्म्याबद्दलही तेच उत्तर आलं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये एका तरुण कॅथलिक धर्मगुरूने ते वाचलं आणि स्वतःच्या लहानपणच्या बाप्तिस्म्याचा व्हिडिओ पाहिला. त्यात ‘आम्ही’ ऐकू आलं. त्याचा बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्याला बळकटी देणारा संस्कार), गुरुदीक्षा, सगळंच नव्याने करावं लागलं. ही चूक कॅथलिक चर्चमध्येच झाली होती, हे आपल्या आधीच्या मंडळीकडे बोट दाखवण्याआधी ध्यानात ठेवावं.

शब्द आठवत नाहीत? बहुतेकांना आठवत नाहीत. पाण्याखाली जाताना कोण व्याकरण तपासतो! मग साक्षीदार शोधा. ८७६ वा नियम उदार आहे: ज्याच्या सांगण्यावर संशय घेण्याचं कारण नाही असा एक साक्षीदार पुरतो, आणि प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला असेल तर तुमचं स्वतःचं शपथेवरचं निवेदनही. त्यातून बाप्तिस्मा झाला एवढं ठरतं, शब्द कोणते होते ते वेगळं विचारावं लागतं. तेव्हा आत्याला किंवा मावशीला फोन करताना ‘पिता-पुत्र-पवित्र आत्मा असंच म्हणाले होते ना?’ असं तोंडात घालू नका. ‘त्या दिवशी काय काय झालं ते सांग’ म्हणा आणि गप्प बसा. जुने फोन, पेनड्राइव्ह, लग्नाच्या अल्बमच्या मागे खोचलेले फोटो धुंडाळा.

पास्टरांना विचारणं अवघड वाटतं, कारण तुम्ही मंडळी सोडताय हे त्यांनाही कळतं. ‘पास्टरसाहेब, तुमचा बाप्तिस्मा खरा होता का?’ असं विचारलंत तर ते दुखावतील आणि उत्तर मिळणार नाही. ‘आपल्याकडे बाप्तिस्मा देताना कोणते शब्द म्हणतात, कसा देतात, हे लेटरहेडवर लिहून द्याल का? चर्चमध्ये नोंदीसाठी हवंय’ असं म्हणा. तारीख, ठिकाण, देणाऱ्याचं नाव, सही. पास्टर वारले असतील तर त्याच मंडळीत त्याच काळात बाप्तिस्मा घेतलेल्या दुसऱ्या कुणाकडून तिथली रीत लिहून घ्या.

काय लिहू नये, तेही सांगतो. पास्टर पुढे पैशांत अडकले, त्यांचा संसार मोडला, ते मूर्तींबद्दल वाईट बोलायचे, यातलं काहीही फादरांच्या उपयोगाचं नाही. हा वाद तिसऱ्या शतकातच झाला. कार्थेजचे सिप्रियन म्हणत होते की पाखंड्यांचा बाप्तिस्मा पोकळ. रोमचे पोप स्टीफन म्हणाले, परत द्यायचा नाही. टिकलं ते स्टीफन यांचं म्हणणं, आणि पुढे ऑगस्टीन यांनी त्याची बाजू भक्कम मांडली. देणाऱ्याचं चारित्र्य किंवा त्याची अपुरी शिकवण एवढ्याने बाप्तिस्मा रद्द होत नाही. मिशनच्या दवाखान्यात जीव धोक्यात असलेल्या बाळाला नर्सने पाणी घातलं असेल तरी चालतं, ती ख्रिस्ती नसली तरी, चर्च जे करतं ते करायचा तिचा हेतू असला म्हणजे झालं. तसंच ‘तेव्हा माझा विश्वास कच्चा होता’ हेही कारण होत नाही. ‘मला बाप्तिस्मा नकोच होता, घरच्यांच्या धाकाने उतरलो’ किंवा ‘ते काय चाललंय हेच कळलं नव्हतं’ हे मात्र वेगळं. तसं असेल तर लाज न धरता सांगा.

विवाहित असाल तर पहिल्याच भेटीला लग्नाचे कागद न्या, आधीचं लग्न मोडलं असेल तर तेही. दोघे वैध बाप्तिस्मा घेतलेले असतील तर तुमचं प्रोटेस्टंट लग्न संस्कारच आहे, परत लावायची गरज नाही. एकाचा बाप्तिस्मा झालाच नव्हता असं निघालं तर त्या लग्नाकडे वेगळ्या नियमांनी पाहतात. ही बाब मागाहून काढलीत तर सगळी तारीख पुढे जाते.

कॅथलिक होऊन काही वर्षं झाल्यावर शंका आली असेल तरी यादी हीच. टाळाटाळ तेवढी नको, कारण बाप्तिस्मा वैध नसेल तर त्यावर उभं असलेलं दृढीकरणही उभं राहत नाही.

निर्णय फादर देतील, अडलं तर बिशपांच्या कार्यालयाला विचारून. वैध ठरला तर पापनिवेदन आधी, मग मिस्सात (कॅथलिक उपासनेत) नायसीन विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, त्याला जोडून कॅथलिक चर्चची शिकवण मी मानतो असं एक वाक्य, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद. मराठी विश्वासांगीकार पाठ करून जा, कागद हातात थरथरतो. या प्रवेशासाठी पास्काच्या जागरणाची (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेची) वाट पाहावीच लागते असं नाही. सशर्त ठरला तर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ असं म्हणून विधी होईल, तोही चारचौघांत नव्हे, खासगीत. घरच्यांना जेवणाचं आमंत्रण देण्याआधी हे सांगून ठेवा, आणि आधीच्या मंडळीतल्या नातेवाइकांना ‘तुमचा खोटा ठरवला’ असं वाटू नये म्हणून ‘शंका होती, ती मिटवली’ एवढंच सांगा. या विधीच्या वेळी पापनिवेदन कधी करायचं ते फादरांना विचारून घ्या. धर्मपिता किंवा धर्ममाता कोण ते ठरवा, रुमाल आणि छोटा टॉवेल न्या, ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपवास पाळा.

घरी निघण्याआधी रजिस्टरमधली नोंद बघून घ्या. प्रवेश झाला असेल तर प्रवेश, सशर्त बाप्तिस्मा असेल तर ‘सशर्त’ हा शब्द, दृढीकरणाची तारीख, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे. दाखल्याच्या दोन प्रती मागा.