घरच्या प्रिंटरवर आपल्या ठाण्याचं जिगसॉ पझल

नौपाड्यात माझ्याकडे चित्रकला शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मी पझल घरीच करते. दुकानातल्या खोक्यांवर कार्टून असतात, नाहीतर परदेशातले राजवाडे. मासुंदा तलाव आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा हवी असेल, तर ती आपणच करायला हवी. साधा इंकजेट प्रिंटर त्याला पुरतो.

सगळ्यात जास्त वेळ चित्र निवडायला द्या. तलावपाळीचा, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाचा, संध्याकाळचा फोटो सुरेख दिसतो, पण त्यात वर नुसतं आकाश आणि खाली नुसतं पाणी. सारख्याच दिसणाऱ्या निळ्या तुकड्यांशी झटून मूल कंटाळतं. म्हणून मी तो फोटो क्रॉप करून तलावातलं महादेवाचं देऊळ, होड्या आणि काठावरची माणसं जवळ आणते. स्वागतयात्रेच्या फोटोला तर तेवढंही करावं लागत नाही. फेटे, नऊवारी, ढोल, लेझीम, कुठल्याही तुकड्यात काहीतरी सापडतंच. फोटोवर मनातल्या मनात सहा बाय चारची जाळी टाकून बघा. प्रत्येक चौकोनात काय आहे हे सांगता आलं, तर फोटो चांगला.

ए-फोर कागद २९७ बाय २१० मिलिमीटरचा. त्याचे सहा बाय चार असे २४ तुकडे केले, तर एकेक साधारण पाच सेंटिमीटरचा होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या हाताला तो बरोबर बसतो. मोठ्यांसाठी आठ बाय सहा, म्हणजे ४८. त्याहून बारीक तुकडे हाताने कापायच्या भानगडीत पडू नका. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, पूर्ण पान भरायला ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात, हल्लीच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात तेवढे मिळतात. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो दाबून बारीक होऊन येतो.

छपाईसाठी मी मॅट स्टिकर पेपर वापरते. इंकजेटची शाई ओल्या फेविकॉलने फुटते आणि कागदाला सुरकुत्या पडतात. स्टिकरला तो त्रास नाही. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार मॅट आणि क्वालिटी हाय ठेवा. प्रिंट रात्रभर सुकू द्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

पुठ्ठा दीड मिलिमीटरचा ग्रे बोर्ड घ्या. जांभळी नाक्याच्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. पार्सलच्या खोक्याचा नळ्यानळ्यांचा पुठ्ठा नको, तो कापताना चेपतो. स्टिकरचा मागचा कागद आधी दोन बोटं सोला, ती कड पुठ्ठ्यावर बसवा आणि मग सुती फडक्याने दाबत दाबत बाकीचा सोलत जा. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही कोरा स्टिकर लावाच. एकाच बाजूला कागद असला, की ठाण्याच्या दमट हवेत पुठ्ठा वाकतो. वरून पारदर्शक कोल्ड लॅमिनेशन फिल्म लावली, तर घामट हातांनी रंग जात नाही. मग सगळं जाड पुस्तकांखाली एक दिवस ठेवा.

आता कापणी. तुकड्यांच्या रेषा ट्रेसिंग पेपरवर काढा आणि तो मास्किंग टेपने चित्रावर चिकटवा. तुकड्याचा जो गोल भाग बाहेर येऊन शेजारच्या तुकड्यात अडकतो, तो कान. त्याची मान, म्हणजे तुकड्याला जोडणारा भाग, आठ मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नका, दोनचारदा खेळून ती मोडते. नेहमी चित्राच्या बाजूने कापा, म्हणजे तुसं मागे राहतात. खाली कटिंग मॅट हवी. आधी आडव्या लांब रेषा, मग एकेका पट्टीतल्या उभ्या. एका दमात आरपार जायचं नाही. पहिल्यांदा फक्त कागद चिरायचा, मग त्याच रेषेवरून हलक्या हाताने चार-पाच वेळा. वळणावर कटर सरळच ठेवा आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठा फिरवा. कागद फाटायला लागला, की पात्याचं टोक लगेच मोडून नवं घ्या. हे काम मोठ्यांचंच, मुलांनी टेबलापासून लांब बसावं. शेवटी मागच्या कडांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा.

कानांची कापणी जमेल का अशी धास्ती वाटत असेल, तर पहिलं पझल नकाशाचं करा. जिगसॉची सुरुवात तशीच झाली. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवर कापले, मुलांना भूगोल शिकवायला. आपण ठाणे जिल्हा घेऊ. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर त्यात सात तालुके राहिले: ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर, मुरबाड. सीमा थोड्या सोप्या करून काढा आणि प्रत्येक तालुक्याला वेगळा रंग द्या. शहापूर चांगला तळहाताएवढा येतो, उल्हासनगर मात्र चिमुकला. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल, तर उल्हासनगर कापू नका, कल्याणलाच जोडून ठेवा. या तुकड्यांना कान नाहीत, म्हणून ते सरकतात. त्यासाठी जिल्हा कापून घेतल्यावर उरलेली चौकट फेकू नका. ती दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवली, की तयार ट्रे मिळतो.

प्रत्येक पझलच्या तुकड्यांमागे एकच खूण करा: नकाशाला न, तलावाला त. झिपच्या पिशवीत भरताना चित्राची छोटी प्रिंटही आत टाका.