आधी टेप, मग झाडू

मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक. नोकरीभर लोकांच्या बांधांवर उभा राहून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. मूळचा सासवडचा, आता राहायला हडपसरला. रविवारी सकाळी बसने दिवे घाट चढायचा आणि आमच्या सात-आठ जणांच्या टोळक्याबरोबर जुने दगड, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), कागद यांची नोंद करायची, हा गेल्या काही वर्षांचा उद्योग. "आमच्याही गावात करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्यांना फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून लिहून टाकतो.

बहुतेकांची सुरुवात झाडूने होते. आमचीही झाली. पहिल्याच महिन्यात ओढ्याकाठचा एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, आम्ही तारेच्या ब्रशने घासला. शेवाळ गेलं, दगड लख्ख झाला, सगळ्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. दुपारी उन्हात नीट पाहिलं तर खालच्या चौकटीतल्या घोडेस्वाराचा चेहरा सपाट. शेवाळाखाली दगड भुसभुशीत झाला होता, तो ब्रशबरोबर निघून आला. शेकडो पावसाळ्यांना जे जमलं नव्हतं ते आम्ही अर्ध्या तासात केलं. आणि घासण्याआधीचा फोटो एकाकडेही नव्हता.

तेव्हा पहिले काही महिने फक्त नोंद करा. पाच मीटरची टेप, पक्क्या बांधणीची वही, पेन्सिल (पेनची शाई पावसात पसरते), फोन आणि बॅटरी. एवढ्यावर काम होतं. टी-शर्ट छापून घेण्याची घाई करू नका.

प्रत्येक वस्तूला एक नंबर द्या. त्यापुढे गाव, लोकांच्या तोंडातलं नाव, तोंड कोणत्या दिशेला, उंची-रुंदी-जाडी सेंटिमीटरमध्ये, सध्याची स्थिती, माहिती कुणी दिली, तारीख. फोटो काढताना शेजारी टेप उघडी ठेवा, नाहीतर दोन फुटी दगड आणि सहा फुटी दगड फोटोत सारखेच दिसतात. आमच्या वहीत नंबर एकला तोच वीरगळ आहे. त्याच्या स्थितीच्या रकान्यात लिहिलंय: "स्वाराचा चेहरा झिजला. कारण: आम्ही."

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ठिकाण लिहिताना "वडाच्या झाडाजवळ, पाटलांच्या विहिरीमागे" असं लिहू नका. पालखी मार्गाचं रुंदीकरण बघा, वड गेला की तुमची नोंदही गेली. शेतात असेल तर गट नंबर, गावठाणात असेल तर सिटी सर्व्हे नंबर आणि जोडीला फोनवरचे अक्षांश-रेखांश लिहा. सातबारा काढलात तर "इतर हक्क" हा रकाना वाचा. देवस्थान इनामाचा, म्हणजे देवाच्या नावे दिलेल्या जमिनीचा, उल्लेख मिळाला तर तो दगड तिथं का आहे याचा धागा कधीकधी तिथेच सापडतो. शिवाय परवानगी कुणाकडे मागायची तेही कळतं.

गावात शिरल्यावर "इथं वीरगळ कुठाय?" असं विचाराल तर कुणी काही सांगणार नाही. "शेंदूर फासलेले जुने दगड कुठं आहेत?" असं विचारा. कुठे तो म्हसोबा असतो, कुठे वेताळ. लोक म्हणतात ते नाव आधी लिहा, आपलं शहाणपण कंसात. शेंदूर खरवडायचा नाही, कोरीव काम किती का सुंदर दिसेना. तो देव त्यांचा आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, शेजारी गाई असतील तर गुरं वाचवताना गेलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. नुसता बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीची.

शिलालेख असेल तर दिवसा त्याच्या नादी लागू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक खडू, पीठ, रांगोळी, तेल काय वाटेल ते चोळतात. यातलं काहीही नको. अंधार पडल्यावर दोघांनी जा. एकाने बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची, दुसऱ्याने फोन स्थिर ठेवून फ्लॅश बंद करून फोटो घ्यायचा. मग उजवीकडून, वरून, खालून. एका देवळाच्या पायरीपाशी गुरवकाका आम्हाला म्हणाले होते, "तिथं काय नाय, टाकीचे घाव हायेत." बॅटरी डावीकडून आडवी केली, खाचांमध्ये सावली भरली आणि आधी एक दंड, मग त्याच्या मागचा 'श', मग 'के' वर आला. काका चपला काढून खाली बसले. आयुष्यभर ते त्याच पायरीवर पाय देऊन आत जात होते.

शक मिळाला तर इसवी सन काढायला ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांतला असेल तर ७९. शके १६४२ चा चैत्र म्हणजे १७२०. बाळाजी विश्वनाथ पेशवे सासवडला वारले ते हेच साल. संवत्सराचं नाव कोरलेलं असेल तर ताळा करता येतो, कारण साठ नावांचं चक्र फिरत असतं. १६४२ ला शार्वरी होतं आणि २०२० च्या पाडव्याला लागलेलं शके १९४२ तेही शार्वरीच. मधे बरोबर पाच फेरे. पुढचं वाचन मात्र अंदाजाने करू नका. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासकार राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली काढलेलं. तिथे किंवा डेक्कन कॉलेजात जाणत्याला फोटो दाखवा.

वाड्यांमधले कागद हे सगळ्यात नाजूक प्रकरण. माळ्यावर मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, असतात, पण घरच्यांना वाटतं हा जमिनीत वाटा काढायला आलाय. मी मोजणीवाला, म्हणून माझ्यावर तर जास्तच संशय. त्यामुळे कागद घराबाहेर न्यायचाच नाही. ओसरीवर, मालकाच्या समोर, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, होता त्याच क्रमाने परत बांधायचा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन, दोन्हींना हात जोडून नाही म्हणा. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही.

ओव्या रेकॉर्ड करायच्या तर आजींना खुर्चीवर बसवून "म्हणा" म्हणू नका. आमच्या एक आजी तीन ओळींवर अडल्या. जातं मांडलं, मूठभर ज्वारी घातली, खुंटा हातात आला आणि मग चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत.

एवढं झाल्यावर बारव साफ करायला घ्या. आधी ती संरक्षित आहे का ते पाहा. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा. अशा ठिकाणी लेखी परवानगीशिवाय गवतही उपटू नका. केंद्राच्या स्मारकाभोवती २०१० च्या दुरुस्तीनुसार १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण. गाळात नाणी किंवा भांडं लागलं तर काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा निखात निधीचा (पुरलेल्या धनाचा) कायदा अजून लागू आहे आणि त्यातली कळवण्याची मर्यादा दहा रुपयांची. इतक्यात आता धड चहा येत नाही, पण कायदा तो कायदा.

भिंतीतलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असेल तोवर काढा. मुळं जाडजूड झाली असतील तर ओढू नका, दगडांसकट बाहेर येतात. वरून छाटत राहा आणि जाणकाराला बोलवा. उत्साही देणगीदार सिमेंटची पोती घेऊन येतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. जुनं बांधकाम चुन्यातलं असतं, त्यातून ओल बाहेर पडते. सांध्यात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दगडच फुटायला लागतो. आणि तोंड बंद असलेल्या विहिरीत कुणीही उतरायचं नाही.

वहीच्या तीन प्रती काढा. एक गावच्या वाचनालयात, एक ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत पोच घेऊन, एक तुमच्यातल्या सगळ्यात तरुण माणसाकडे. पोच मात्र विसरू नका, शिक्का मारून घ्या.