थीम बदलताय? आधी तो दुसरा चौकोन बघा

लालबागला मामेभावाचं डीटीपीचं दुकान आहे. गणपतीच्या पावतीपुस्तकांची घाई, आणि पठ्ठ्याला नेमकी तेव्हाच केडीई प्लाझ्मावर (लिनक्सचा एक डेस्कटॉप) गडद थीम हवी झाली. रंग बदलले, ते ठीक. पण खालच्या पट्टीवर ओळीने लावलेली इंकस्केप, स्क्रायबस या चित्रं काढायच्या नि पानं लावायच्या प्रोग्रामांची बटणं गायब! चूक त्याचीच. कॉम्प्युटरने विचारलं होतं, ह्याने न वाचता खूण केली.

ग्लोबल थीम, म्हणजे सगळं रूप एकदम बदलणारा संच, लावताना दोन भाग समोर येतात. दिसण्याच्या भागात रंग, आयकॉन, कर्सर वगैरे. त्यातलं नको ते वगळता येतं. दुसरा भाग मांडणीचा. तिथे खूण केलीत की तुमची पॅनल (त्या पट्ट्या) आणि विजेट (घड्याळासारखी छोटी साधनं) जाऊन थीमवाल्याची मांडणी बसते. म्हणून तो चौकोन रिकामाच ठेवा. नुसते रंगच हवे असतील तर सेटिंग्जमध्ये रंगांचं वेगळं पान आहे, थीमच्या वाटेला जाऊच नका. तरीही हात शिवशिवत असतील तर होम फोल्डरमधल्या लपवलेल्या कॉन्फिग (.config) फोल्डरची, जिथे सेटिंग्ज साठतात, आधी कॉपी काढा.

विंडोजवर थीमसोबत आवाज आणि माउसचा कर्सरही बदलू शकतो. आपली चालू थीम आधी नाव देऊन सेव्ह करा.