बदामाच्या पिठाचे बिनसाखरेचे डोनट
गहू, मैदा, तांदूळ असे कोणतेही धान्य न वापरता डोनट भाजायचे असतील, तर बदामाचे पीठ सर्वांत सोयीचे. मात्र बदाम दळताना मिक्सर सलग चालवू नये, थांबूनथांबून फिरवावा, अन्यथा तेल सुटून पिठाऐवजी लगदा हाती येतो. सहा डोनटांसाठी 150 ग्रॅम पीठ, 2 अंडी, कोमट पाण्यात भिजवून वाटलेले 7-8 खजूर, 2 चमचे पातळ तूप, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ घ्यावे. बदामात ग्लूटेन (गव्हाच्या कणकेला चिकटपणा देणारे प्रथिन) नसल्यामुळे मिश्रण बांधून ठेवण्याचे काम अंडीच करतात, म्हणून ती वगळू नयेत. बाजारातील बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचे स्टार्च असते, आणि मका हे धान्यच. त्याऐवजी पाव चमचा खाण्याचा सोडा व एक चमचा लिंबाचा रस अगदी शेवटी घालावा आणि मिश्रण लगेच तूप लावलेल्या साच्यात भरावे.

ओव्हन 170 अंशांवर आधी तापवून साधारण 15 मिनिटे भाजावे. बदामाचे पीठ लवकर करपते, त्यामुळे बाराव्या मिनिटापासून लक्ष ठेवावे. गरम डोनट साच्यातून काढू गेल्यास हमखास तुटतात. दहा मिनिटे थांबल्यास कडा आपोआप सुटतात. साचा नसल्यास आप्पेपात्रात झाकण ठेवून मंद आचेवर भाजावेत. भोक पडत नाही एवढेच. खजुरातही नैसर्गिक साखर असतेच, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी ती हिशेबात धरावी.