निवासी कॉलेजमधली अकरावी आणि सोल्यूशनचं व्यसन

पुण्यात निवासी ज्युनिअर कॉलेजला सायन्सला प्रवेश मिळालाय आणि घरचे म्हणतायत, "आता तू फक्त अभ्यास कर, बाकी सगळं तेच बघतील." बाकी सगळं ते खरंच बघतात. पहाटे उठवतात, पोहे-उपमा देतात, लेक्चरला बसवतात, रात्री स्टडी अवरला रेक्टर मॅडम फेरी मारतात, मग दिवे बंद. अभ्यास तेवढा तुमच्यावर उरतो. आणि तो होत नाहीये हे अशा गच्च वेळापत्रकात लवकर लक्षातही येत नाही. दिवसभर बाकावर बसून दमलो म्हणजे अभ्यास झाला, असं वाटत राहतं.

बोर्ड, सीईटी, जेईई, नीट यातला फरक तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते, "सीईटीला अकरावीचं 20 टक्केच येतं" हे वाक्य हॉस्टेलवर कुणी ना कुणी पहिल्याच आठवड्यात ऐकवेल. वाक्य खरं आहे. पण जेईई आणि नीटला अशी काही सवलत नाही, आणि अकरावीचं गतिशास्त्र कच्चं राहिलं तर बारावीचं रोटेशन डोक्यावरून जातं. तेव्हा हे ऐका आणि सोडून द्या.

आता मुख्य सापळा, ज्यात मीही अडकले होते. रोज प्रॅक्टिस शीट मिळते, मॉड्यूलच्या (कॉलेजने दिलेल्या अभ्यासपुस्तकाच्या) मागे सोल्यूशन्स असतात. गणित वाचलं, दोन मिनिटं पेन चावलं, जमेना, मागचं पान उघडलं. "अरे, एवढंच होतं होय!" बरोबरची खूण, पुढचं गणित. स्टडी अवर संपेपर्यंत शीट खुणांनी भरते आणि फार छान वाटतं. रविवारच्या टेस्टला तसंच गणित समोर येतं आणि हात हलत नाही.

एक उदाहरण नीट बघा. 2 किलोचा ठोकळा 30 अंशांच्या उतारावर ठेवलाय, स्टॅटिक फ्रिक्शनचा कोइफिशंट (म्यू) 0.6, गुरुत्वीय त्वरण जी 10 धरा. ठोकळ्यावर घर्षण किती? हात आपोआप म्यू गुणिले एनकडे (एन म्हणजे उताराचा ठोकळ्यावरचा लंब रेटा) जातो: 0.6 गुणिले 20 गुणिले कॉस 30, साधारण 10.4 न्यूटन. पर्यायांत हे उत्तर असतंच, पेपर काढणाऱ्याने ती सोय करून ठेवलेली असते. पण ठोकळ्याला खाली ओढणारं बल आहे एमजी साइन 30, म्हणजे 10 न्यूटन. घर्षण 10.4 असतं तर ठोकळा आपला आपण उतार चढायला लागला असता! तो जागेवरून हलतच नाही, म्हणून घर्षण गरजेपुरतं, 10 न्यूटन.

सोल्यूशनची पहिलीच ओळ असते, "आधी ठोकळा घसरतो का ते पाहू." या गणितात अवघड काय असेल तर तेवढंच, आणि तेच तुम्ही आयतं उचललंत. उरलेली आकडेमोड दहावीचं पोरही करेल. वाचून "समजलं" वाटतं ते खोटं नसतं, पण समजणं आणि सुचणं यात बरंच अंतर आहे आणि टेस्टला सुचावंच लागतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. आकृती स्वतः काढल्याशिवाय मागचं पान उघडायचं नाही. पंधरा मिनिटं झुंजूनही नाहीच जमलं तर फक्त पहिली ओळ वाचायची, बाकीचं वहीने झाकायचं. आणि पाहून सोडवलेल्या गणिताला त्या दिवशी खूण करायची नाही. दोन-तीन दिवसांनी कोऱ्या पानावर सुटलं तरच करायची. शेजारणीची तीस गणितं होतील, तुमची दहा. होऊ द्यात. बायोलॉजीवाल्यांनीही हसू नये. एनसीईआरटीच्या ओळी पुन्हा पुन्हा हायलायटरने रंगवणं हा त्याच रोगाचा दुसरा प्रकार. पुस्तक मिटून परिच्छेद आठवतो का ते बघा.

डाउट विचारायला जाताना अर्धवट सोडवलेलं पान घेऊन जा. "सर, हे येत नाही" म्हटलं की सर अख्खं गणित फळ्यावर सोडवून देतात, म्हणजे परत सोल्यूशनच वाचलं. माझं मत विचाराल तर जाहिरातीतल्या मोठ्या सरांपेक्षा डाउटला बसणारे नवखे सर बरे. आपण कुठे अडतो ते त्यांना अजून आठवत असतं. टॉपरच्या दिनचर्येचे व्हिडिओ मात्र साफ बंद करा. चार तास झोपून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही, पहिल्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या पुष्कळ पाहिल्या.

प्रॅक्टिकलकडे दुर्लक्ष करू नका. एंट्रन्सच्या नादात जर्नल शेवटच्या आठवड्यात उतरवून काढायची पद्धत सगळीकडे आहे. पण बारावी बोर्डाला फिजिक्सच्या 100 पैकी 30 मार्क प्रॅक्टिकलचे असतात, आणि एनआयटी-आयआयटीसाठी बारावीला 75 टक्क्यांची अट सर्वसाधारणपणे असतेच (अनुसूचित जाती-जमातींना 65).

मराठी माध्यमातून आला असाल तर पहिले दोन महिने इंग्रजी संज्ञांनी जीव जाईल. दिवाळीपर्यंत बसतं सगळं, खरंच. घरच्या आठवणीने रडू येईल, तेही येऊ द्या. फोनवर आईला "बरंय" म्हणणाऱ्या सगळ्या जणी आदल्या रात्री रडलेल्याच असतात. पहिल्या टेस्टचे मार्क बघून बॅच बदलली म्हणून बॅग भरायला घेऊ नका.

आउटिंगच्या रविवारी अप्पा बळवंत चौकात गेलात तर नवीन प्रश्नसंच घेऊ नका, हातातलेच संपत नसतात. आणि दिवाळीला घरी जाताना सगळी मॉड्यूल्स नेऊ नका. न सुटलेल्या गणितांची एक वही पुरते. स्वारगेटच्या गर्दीत ते ओझं उचलायला रेक्टर मॅडम येणार नाहीत.